कोणत्या मोटारी जपून ठेवाव्या?



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं केवळ हौसेचा वाटेल; परंतु त्यांत व्यवहाराचा भागही पुष्कळ आहे. आपल्या दारांत, आळींत, बसस्थानकाबाहेर आज ज्या मोटारी उभ्या दिसतात, किंवा काल-परवांपर्यंत दिसत होत्या, त्यांपैकीं कोणत्या मोटारी आणखी तीस-चाळीस वर्षांनीं लोक मुद्दाम वाट वाकडी करून पाहावयास जातील, हा तो प्रश्न होय. जुनी मोटार आणि संग्राह्य मोटार या दोन गोष्टी एक नव्हेत. वयानें मोटार गंजते, एवढेंच. तिला संग्राह्य करणारें कारण निराळें असतें, आणि तें ओळखतां आलें तर आज भंगारांत जाणाऱ्या कांहीं वस्तू तरी आपल्या हातून वांचतील.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. 'विंटेज' हा शब्द आपल्याकडे कोणत्याही जुन्या गाडीस सरसहा लावला जातो. युरोपांतील हौशी मंडळी तो काटेकोरपणें वापरतात. पहिल्या महायुद्धानंतर १९३० सालच्या अखेरीपर्यंत तयार झालेली मोटार, ती विंटेज. ऐतिहासिक वाहनांचा जो आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, त्यानें तीस वर्षांची मर्यादा घातली आहे. आपल्या केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें या बाबतींत नियम केले, त्यांत पन्नास वर्षें पुरीं झालेल्या व मूळ रूपांत राहिलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांस विंटेज म्हणून निराळी नोंद देण्याची तरतूद आहे. आतां साधा हिशेब करा. १९८३ सालच्या मारुतीला हा मान २०३३ मध्यें मिळेल. १९९१ च्या टाटा सिएराला २०४१ मध्यें. आणि २००९ मध्यें रस्त्यावर आलेल्या नॅनोला २०५९ मध्यें. आज जीं मुलें बालवाडींत जात आहेत, तीं तेव्हां संसारी झालेलीं असतील.

या हिशेबांतच विषयाचें मर्म आहे. प्रत्येक मोटारीच्या आयुष्यांत तीन काळ येतात. पहिला उपयोगाचा, सुमारें पंधरा-वीस वर्षांचा. शेवटचा आदराचा, पन्नाशीनंतरचा. या दोहोंच्या मध्यें वीस-तीस वर्षांचा एक उपेक्षेचा काळ असतो. त्या काळांत ती मोटार कामाची राहिलेली नसते आणि कौतुकाचीही झालेली नसते. अंगणांत जागा अडवते म्हणून घरची माणसें कुरकुरतात, भंगारवाला येऊन वजनाचा भाव सांगतो, आणि शंभरांतील नव्वदांहून अधिक गाड्या येथेंच संपतात. जी हा काळ ओलांडते ती संग्राह्य होते. म्हणून भविष्यांतील संग्राह्य मोटार कोणती हें ओळखावयाचें असेल, तर आज उपेक्षेच्या काळांत कोण उभी आहे, तिकडे पाहावें.

राजेरजवाड्यांच्या मोटारींची गोष्ट येथें बाजूस ठेवतों. कोल्हापूरच्या छत्रपति राजाराम महाराजांची मेबॅक मोटार आजही दसऱ्याच्या दिवशीं बाहेर निघते व तिला पाहण्यास गर्दी लोटते. ती जन्मापासूनच अमोल होती. तिचें मोल ओळखण्यास भविष्यवेत्ता लागत नाहीं. प्रश्न आहे तो तुमच्या-आमच्यासारख्यांच्या मोटारींचा.

त्यांच्यासाठीं मला चार कसोट्या सुचतात. पहिली कसोटी आठवणीची. ज्या मोटारीची ओढ एखाद्या पिढीला लहानपणीं लागली, पण तेव्हां ती घेतां आली नाहीं, तीच मोटार त्या पिढीच्या हातीं पन्नाशींत पैसा आला कीं शोधली जाते. आपल्याकडील यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरची शकुंतला गाडी पाहा. ती धांवत होती तोंवर तिच्या संथपणाची थट्टा झाली. मँचेस्टर येथें १९२१ मध्यें बनलेलें तिचें वाफेचें इंजिन १९९४ मध्यें निवृत्त झालें. आज त्याचें नांव काढलें कीं ज्यांनीं थट्टा केली तेच हळहळतात. दुसरी कसोटी दुर्मीळपणाची. मात्र येथें किती बनल्या हा प्रश्न नसून किती उरल्या हा प्रश्न आहे. तिसरी कसोटी मूळ रूपाची, म्हणजे गाडी कारखान्यांतून निघाली तशी कितपत राहिली आहे याची. आणि चौथी दुरुस्तीची: तिचे सुटे भाग आणि ते बसविणारा मिस्त्री मिळेल किंवा नाहीं, याची.

जगांतील दोन उदाहरणें या कसोट्या स्पष्ट करतील. फोर्डची 'टी' मोटार १९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटीहून अधिक बनली. इतिहासांत तिचें स्थान फार मोठें. पण तिच्या इतक्या प्रती उरल्या आहेत, कीं शंभर वर्षांची होऊनही ती अमेरिकेंत सामान्य हौशी माणसास परवडते. उलट इटलींतील फेरारीची '२५० जीटीओ' ही शर्यतीची मोटार १९६२ ते १९६४ मध्यें जेमतेम छत्तीस बनली. शर्यतींतून निवृत्त झाल्यावर ती कांहीं वर्षें वापरलेली जुनी गाडी म्हणून अगदीं किरकोळ भावांत विकली गेली; हा तिचा उपेक्षेचा काळ. त्यांतलीच एक २०२३ मध्यें न्यूयॉर्कच्या लिलावांत ५ कोटी १७ लाख डॉलरांना गेली. अशा आंकड्यांनीं आपण डोळे दिपवून घेऊं नयेत. आपल्या अंगणांतील मोटारीस असा भाव येणार नाहीं. परंतु उपेक्षा आणि आदर यांचा क्रम मात्र सर्वत्र सारखाच असतो.

आतां आपल्या देशांतील मोटारींकडे वळूं. प्रथम मुंबईची पद्मिनी. शेट वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटालियन फियाट ११०० या नमुन्याची मोटार बनूं लागली, आणि पुढें १९७० नंतरच्या दशकांत तिला 'पद्मिनी' हें नांव मिळालें. १,०८९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन, सुकाणूच्या खांबाला लावलेला गिअरचा दांडा, आणि पुढें तिघे दाटीवाटीनें बसतील असें सलग आसन, हा तिचा थाट. मुंबईंत काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या रूपानें ती इतकी बोकाळली होती, कीं ती कधीं काळीं दिसेनाशी होईल असें कोणास स्वप्नांतही वाटलें नसतें. परंतु मुंबईंत टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती; म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांनीं तिला श्रद्धांजली वाहिली. जिला वर्षानुवर्षें खडखडणारी म्हणून हिणवलें, ती एका आठवड्यांत आठवणींतील वस्तू झाली. माझ्या मतें पद्मिनीची परीक्षा आतां संपली आहे, ती उत्तीर्ण झाली आहे. खासगी वापरांतील, मूळ रंगाची, गंज न चढलेली पद्मिनी ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं ती सोडूं नये.

तिची थोरली बहीण ॲम्बॅसिडर. इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्डच्या नमुन्यावरून बंगालमधील उत्तरपाडा येथें ती बनत असे. २०१४ मध्यें तिचा कारखाना बंद पडला. जिल्हाधिकाऱ्यांपासून मंत्र्यांपर्यंत सर्वांनीं ती वापरली, त्यामुळें आठवणीच्या कसोटीस ती उतरतेच. तिची यंत्ररचना इतकी सरळ, कीं तालुक्याच्या गांवचा मिस्त्रीही ती उघडून पुन्हां जोडतो. मात्र ती फार बनली व फार उरली आहे. म्हणून जुन्या काळांतील, मूळ इंजिनाच्या गाड्यांनाच पुढें मान मिळेल. त्याच कंपनीची कॉन्टेसा ही लांबरुंद मोटार १९८४ मध्यें निघाली. ती ॲम्बॅसिडरच्या मानानें फार थोडी बनली, आणि इंधन फार पिते म्हणून लोकांनीं ती लवकर टाकलीही. टाकली गेली म्हणून ती दुर्मीळ झाली. आज तिचे चाहते तिला हुडकीत आहेत.

मारुती ८०० ची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं पहिल्या मोटारीच्या किल्ल्या तिच्या मालकाच्या हातीं दिल्या. २०१४ पर्यंत या मोटारी पंचवीस लाखांहून अधिक बनल्या. असें असतां तिला दुर्मीळ कसें म्हणावें? तर १९८६ पर्यंतचा जो पहिला बांधा होता, चौकोनी पेटीसारखा व जपानी सुटे भाग जुळवून केलेला, तो पुढें बदलला. त्या पहिल्या बांध्याच्या गाड्या आतां हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच कोठें कोठें दिसतात. अगदीं पहिली मोटारसुद्धां मालकाच्या मृत्यूनंतर कांहीं वर्षें उघड्यावर गंजत पडली होती. पुढें कंपनीनें ती दुरुस्त करून २०२२ मध्यें आपल्या कचेरींत प्रदर्शनार्थ मांडली. ज्या गाडीचें छायाचित्र देशभर छापलें गेलें तिच्याही वांट्यास उपेक्षेचा काळ आला, मग इतरांची काय कथा?

यानंतर पुण्याच्या कारखान्यांतील मोटारी. टाटांची सिएरा १९९१ मध्यें आली. तीन दारें, आणि मागील बाजूस छतापर्यंत वळत गेलेली मोठी अखंड कांच, असा तिचा डौल होता. त्या काळीं ती घेणारे थोडे, पण रस्त्यांत थांबून तिच्याकडे पाहणारीं शाळकरी मुलें फार. तीं मुलें आज चाळिशी-पन्नाशींत आहेत. २०२५ मध्यें टाटांनीं नव्या मोटारीस तेंच नांव पुन्हां दिलें, यावरून त्या नांवाची ओढ किती टिकली हें कळतें. माझें भाकित विचाराल, तर या पिढींतील मोटारींत सिएरा अग्रभागीं राहील. फक्त ती वळलेली कांच फुटली तर तशी दुसरी मिळणें कठीण, हें मालकांनीं ध्यानांत ठेवावें.

१९९८ मध्यें आलेली इंडिका ही भारतीय कंपनीनें स्वतः उभी केलेली प्रवासी मोटार. आठवड्याभरांत एक लाखाहून अधिक ग्राहकांनीं तिच्यासाठीं पैसे भरले. पुढें डिझेल इंडिका भाड्याच्या व्यवसायांत गेली आणि झिजून झिजून संपली. इतिहासांत मोठें स्थान, घरोघर आठवण, आणि प्रत्यक्षांत नीट राखलेली पहिल्या सालची गाडी जवळजवळ नाहीं, असा योग फार क्वचित् येतो. आज तिला कोणी विचारीत नाहीं. म्हणूनच ती माझ्या यादींत वरच्या बाजूस आहे. तीच गोष्ट नॅनोची. १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लींत ती जगापुढें आली तेव्हां एक लाख रुपयांची मोटार म्हणून साऱ्या जगानें तिची वार्ता छापली. मागें बसविलेलें दोन सिलिंडरांचें ६२४ घनसेंटिमीटरचें इंजिन, चिमुकलीं चाकें, आणि सर्वांत स्वस्त या शिक्क्यामुळेंच ग्राहकांनीं फिरविलेली पाठ! २०१८ च्या सुमारास ती बनणें थांबलें. स्वस्त वस्तू कोणी जपत नाहीं; त्यामुळें २०५९ सालीं ती शोधावी लागेल. जिच्याविषयीं पुस्तकें लिहिलीं जातील ती वस्तू शेवटीं संग्रहांत जाऊन बसतेच.

आपल्या जिल्ह्यास अधिक परिचित अशीं वाहनें म्हणजे जीप, ट्रॅक्स, मॅटाडोर. महिंद्र कंपनीनें १९४७ मध्यें विलीज जीप आपल्या देशांत जुळवावयास आरंभ केला, आणि पुढें तीच जीप शेतावर, खाणीवर व सरकारी दौऱ्यावर सर्वत्र फिरली. जीप टिकाऊ खरी. पण तिला आठवणीचा नव्हे तर हौसेचा धोका आहे. रुंद टायर, भलतें इंजिन, नवे दिवे आणि भडक रंग लावून तिचें मूळ रूप घालविण्याची चाल पडली आहे. शंभर सजविलेल्या जीपांपेक्षां मूळ रूपांतील एक साधी जीप पुढें मोलाची ठरेल. पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीची मॅटाडोर ही तर मला सर्वांत दयनीय वाटते. शाळेचीं मुलें, दवाखान्याचे रोगी, लग्नाचें वऱ्हाड, दुधाचे डबे, सारें तिनें वाहिलें. पण कष्टकरी वाहनाची हौस कोण करणार? जर्मनींतील फोल्क्सवागनची अशीच ओझें वाहणारी व्हॅन आज युरोप-अमेरिकेंत मोठ्या किमतीस विकली जाते. हा न्याय आपल्याकडेही लागू होईल, पण तेव्हां मॅटाडोर शिल्लक असली पाहिजे. १९८५ पासूनची जिप्सी मात्र सुदैवी. टिपेश्वर-ताडोबाच्या अरण्यांत वाघ दाखविणारी गाडी म्हणून ती अनेक कुटुंबांच्या आठवणींत जाऊन बसली आहे.

आणि आजच्या अगदीं नव्या मोटारी? येथें मला चौथ्या कसोटीची काळजी वाटते. पद्मिनीचें इंजिन लोखंडाचें. तिचा भाग झिजला तर लेथवर नवा कातून घेतां येतो. सुमारें २००० सालापासून मोटारींत इंधनाचें नियंत्रण विद्युत्-पेट्यांकडे गेलें, आणि आतां तर पडदा, कुलूप, ब्रेक, सारेंच संगणकाच्या आज्ञेनें चालतें. ती पेटी बिघडली आणि कारखान्यानें बनविणें सोडलें, तर कोणता मिस्त्री ती घडवील? बंगळूर येथें २००१ मध्यें रेवा ही छोटी विजेची मोटार निघाली. आपल्या देशांतील विजेच्या मोटारींची ती पूर्वज, म्हणून संग्राहक तिला मानानें ठेवतील. पण तिला चालती ठेवणें पद्मिनीपेक्षां अवघड जाईल. पुढील संग्राहकास हातोडीपेक्षां संगणकाचें ज्ञान अधिक लागेल.

एक वस्तू जपली नाहीं म्हणजे काय हरपतें, तें इचलकरंजीच्या उदाहरणावरून कळतें. तेथील शंकरराव कुलकर्णी यांनीं स्वातंत्र्यानंतरच्या काळांत अनेक वर्षें खपून 'मीरा' नांवाची छोटी स्वदेशी मोटार स्वतः रचली, पुन्हां पुन्हां सुधारली. ती कारखान्यांत बनून विक्रीस कधींच आली नाहीं. आज महाराष्ट्रांतील किती सुशिक्षित घरांत हें नांव ठाऊक आहे? मोटार डोळ्यांपुढें असती, तर नांवही राहिलें असतें.

आतां व्यवहाराची बाजू. आपल्या यवतमाळ जिल्ह्यास एक देणगी आहे, ती कोरड्या हवेची. मुंबई-कोकणांत खारट वाऱ्यानें पत्रा कुरतडला जातो. वणी, पुसद, दारव्हा या बाजूस तें भय नाहीं. पण आपलें वैशाखाचें ऊन रबर, आसनें आणि रंग यांचा नाश करतें, आणि पावसाळ्यांत काळ्या मातीवर उभी केलेली गाडी खालून सादळते. म्हणून छप्पर व खालीं फरशी, एवढें तरी करावें. बराच काळ गाडी उभी राहावयाची असेल तर बॅटरीची तार सोडावी, जुनें पेट्रोल काढून टाकावें, तारांना उंदीर लागत नाहींत ना तें पाहावें. जमल्यास पंधरवड्यांतून एकदां ती चार-पांच मैल फिरवून आणावी. उभ्या गाडीचे रोग चालत्या गाडीपेक्षां अधिक असतात.

कागदपत्रांकडे तर डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावें. खासगी मोटारीची पहिली नोंद पंधरा वर्षांची असते. पुढें पांच-पांच वर्षांनीं ती नवी करावी लागते, आणि आपल्या राज्यांत जुन्या गाडीवर पर्यावरण कर भरावा लागतो. नोंद तुटली कीं चांगल्या गाडीचेंही भंगार होतें. पन्नास वर्षें झाल्यावर विंटेज नोंद घ्यावयाची तर २०२१ च्या नियमाप्रमाणें शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें. पुढील नोंदणीस ५,००० रुपये. गाडीच्या क्रमांकांत 'व्ही ए' हीं अक्षरें येतात. चौकट, बांधा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाहीं. आणि अशी गाडी रोजच्या कामास वा भाड्यास वापरतां येत नाहीं, केवळ प्रदर्शन, संचलन, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणें यांसाठींच बाहेर काढतां येते. म्हणून मूळ खरेदीची पावती, नोंदणीपुस्तक, कंपनीची माहितीपुस्तिका, दुसरी किल्ली, हत्यारांची पिशवी, हें सारें एका पेटींत ठेवावें. चाळीस वर्षांनीं ही पेटी गाडीइतकीच बोलेल.

शेवटीं एक सावधगिरी. नफ्यासाठीं म्हणून मोटार जपूं नका. छपराचा, विम्याचा, कराचा, दुरुस्तीचा खर्च चाळीस वर्षांचा मांडला, तर बहुतेक गाड्या तोट्यांतच जातात. मुलाच्या शिक्षणाचे किंवा शेताच्या विहिरीचे पैसे अशा हौसेंत घालणें शहाणपणाचें नव्हे. ज्यास जागा आहे, ऐपत आहे आणि त्या गाडीविषयीं माया आहे, त्यानेंच हा भार घ्यावा. ज्यास तो घेणें शक्य नाहीं, त्यानें निदान घेणारा शोधावा; आजकाल जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींचीं मंडळें मोठ्या शहरांत आहेत, त्यांस एक पत्र टाकण्यास खर्च येत नाहीं.

सर्वच गाड्या राखल्या जाव्या असें माझें म्हणणें नाहीं; धूर सोडणारीं, ब्रेक न लागणारीं वाहनें रस्त्यावरून गेलींच पाहिजेत. पण प्रत्येक जिल्ह्यांत एक चांगली पद्मिनी, एक पहिल्या बांध्याची मारुती, एक सिएरा, एक मॅटाडोर, एक नॅनो राहिली, तर आपला मध्यमवर्ग कसा बसला, कसा फिरला, त्यानें कशाचा अभिमान धरला, हें पुढच्या पिढीस पुस्तकाविना कळेल. तेव्हां भंगारवाला दारांत येऊन वजनकाटा काढील, त्या वेळीं होकार देण्यापूर्वीं दोन दिवस थांबा, गाडीचें साल आणि बांधा तपासा, चार जाणत्यांना विचारा.